तुसाचा कोळसा आणि खाली ठेवलेला ग्लास

मोकल सरांना मी प्रथम पाहिले ते आमच्या महाविद्यालयाच्या जिन्यात, खांद्यावर भातगिरणीतून आणलेले पोते घेऊन. पायरीपायरीवर तूस सांडत होते. मी वनस्पतिशास्त्र विभागात नुकतीच रुजू झाले होते, हमाल समजून त्यांना हटकले. सरांनी पोते खाली ठेवले, झाडू आणला आणि जिना झाडून काढला. ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आहेत, हे मला नंतर कळले.

तूस म्हणजे भाताची टरफले, आपल्याकडे गिरणीमागे कुजणारा माल. सरांनी ते कमी हवेच्या भट्टीत भाजून त्याचा कोळसा केला. त्याच्या बारीक छिद्रांत पाण्यातली घाण अडकून राहते. हे वर्गात आम्ही सगळेच शिकवत होतो. सर ते नाल्यावर घेऊन गेले.

पेणच्या बाजूला गणपती रंगवणारा एक कारखाना होता. ब्रश धुतलेले पाणी नाल्यात जाई आणि त्याच नाल्याचे पाणी खालच्या मळ्यांना. वांगी करपू लागली. गावाने बजावले, पाणी सुधारले नाही तर कारखाना बंद. हंगाम तोंडावर होता. कारखानदारांनी सरांना गाठले, सरांनी तुसाच्या कोळशाची टाकी बसवून दिली. गावासमोर तोटी सोडली, तेव्हा लाल-निळे पाणी नितळ होऊन बाहेर आले. मीही तिथे होते.

मळेवाल्या जनाबाई पुढे आल्या. "मास्तर, येवढा साफ हाय तर पिऊन दाखवा."

कारखानदारांनी तत्काळ ग्लास भरून तोंडाशी नेला. सरांनी त्यांचे मनगट धरले.

"खाली ठेवा. रंग गेलाय, एवढंच दिसतंय. रंगातले धातू गेलेत का, ते मला अजून माहीत नाही."

तुम्ही आम्हाला भर सभेत बुडवलंत, असे कारखानदार संतापून म्हणाले. सरांनी त्यांच्या हातातला ग्लास काढून खाली ठेवला. जनाबाई सरांकडे बघत होत्या. मग गावाकडे वळून म्हणाल्या, "यांना मुदत द्या. हा मास्तर खोटा बोलनारा न्हाय."

तपासणीत धातू निघालेच. सरांनी नारळाच्या सोडणांवर, म्हणजे काथ्याच्या सालींवर, प्रक्रिया करून दुसरा थर बसवला, पुन्हा तपासले आणि पाणी झाडांना चालेल, पिण्याला नाही, हे गावात जाऊन स्वतः सांगितले. जनाबाईंची पहिली वांगी तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेली. दुसऱ्या तोड्याची सरांच्या घरी. कारखाना चालू राहिला.

माहीत नाही म्हणायला सरांना कधी संकोच वाटला नाही. माझे यजमान रुग्णालयात होते, तेव्हा माझी प्रात्यक्षिके मी न सांगता सरांनी घेतली. परतल्यावर विद्यार्थी हसत म्हणाले, बाई, सर झाडांची नावं आम्हालाच विचारत होते. वह्या मात्र एकूण एक तपासलेल्या होत्या.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. घाण धरून भरलेल्या जुन्या कोळशाची पिंपे त्यांच्या पडवीत झाकून ठेवलेली आहेत. पाण्यातून काढलेले विष पुन्हा मातीत जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा हट्ट. त्याचे काय करायचे, याचे उत्तर अजून त्यांना सापडलेले नाही. सर, पिंपे तुमची आहेत. ती आमच्या गळ्यात टाकून जाता येणार नाही. तेव्हा औषधे वेळेवर घ्या, ठणठणीत राहा आणि शंभरी गाठा. काम शिल्लक आहे.