पोटातला क्षय

दिपमालाला एका जागी स्वस्थ बसलेलं मी शाळेतही पाहिलं नाही. पहूरच्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर. बाई फळ्याकडे वळल्या की हिचा पाय हलायला लागायचा, आणि बोलणी मला बसायची. पुढे मी शिकायला म्हणून धुळ्याला आले आणि शिक्षिका होऊन तिथेच देवपूर भागात राहिले. तिचं लग्न पारोळ्याजवळच्या एका खेड्यात झालं. नवरा प्रेमराज. घरची कपाशी, शिवाय भाड्याने पिकअप चालवायचा. बोलायला कमी, पण मऊ माणूस. सासरे लग्नाआधीच गेलेले. घरात सासू भागाबाई आणि धाकटा दीर स्वप्नील. दिपमालाने माहेरून शिलाई मशीन नेलं होतं. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवण्यात पहिली दोन-तीन वर्षं निघून गेली.

मग मूल का नाही, असं लोकांचं विचारणं सुरू झालं. भागाबाई दुष्ट नव्हती, पण विहिरीवर, लग्नात, बाजारात जिथे जाईल तिथे तिला एकच प्रश्न यायचा आणि तो ती घरी घेऊन यायची. "बठ्ठं गाव इचारस, मी काय सांगू?" म्हणायची, आणि म्हणता म्हणता खोकायची. तिला जुना दमा होता. निदान घरात सगळे त्याला दमा म्हणायचे.

कुणी सांगेल ते दिपमालाने केलं. उपास केले, कमरेला धागा बांधला, कुणी दिलेली कडू पावडर दुधातून घेतली. एका डॉक्टरांनी अंडी वाढवायच्या गोळ्या दिल्या. दर महिन्याला त्याच गोळ्या, दर महिन्याला सोनोग्राफी. "अंडं तर फुटतंय, राहील," एवढंच ते म्हणायचे. नवऱ्याला तपासा, नळ्या तपासा, असं कुणी बोललं नाही. गोळ्यांनी तिचं डोकं दुखायचं. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वजन उतरत चाललं होतं, पण ते काळजीने, असं सगळे म्हणायचे आणि तीही तेच म्हणायची.

स्वप्नीलचं लग्न झालं, पुनम घरात आली. तिच्या हातावरची मेंदी उतरते न उतरते तोच एका दुपारी भागाबाई ओट्यावर प्रेमराजला सांगत होती, की आपल्या भावाची पोरगी अजून लग्नाची आहे, दिपमालाला काही कुणी घराबाहेर काढत नाही, दोघी राहतील. दिपमाला आत मशीनवर होती. तिने पाय थांबवला. प्रेमराज काय म्हणतो ते ऐकायला ती श्वास धरून बसली.

प्रेमराज उठला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. चावी उचलली आणि पिकअप घेऊन निघून गेला.

ब्लाउजची बाही सुईखाली तशीच सोडून दिपमाला उठली, फाट्यावर गेली आणि मिळेल त्या गाडीने धुळ्याला आली. माझ्या दारात उभी राहिली तेव्हा चप्पलसुद्धा काढेना. "मला एखादी चांगली डॉक्टर दाखव," म्हणाली. "आज. आत्ता."

देवपुरातल्या डॉ. चारुलतांकडे मी तिला नेलं. शांत बाई. त्यांनी आधीच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "पाळी कशी येते?"

"येते महिन्याच्या महिन्याला."

"अंगावरून किती जातं?"

"एक दिवस. कधी नुसते डाग." दिपमाला ओशाळून हसली. "बायका म्हणतात, तुझं बरं आहे."

"लग्नाच्या वेळीही असंच होतं?"

नव्हतं. लग्नाच्या वेळी नीट पाच दिवस जायचं. कमी कधी झालं ते तिला आठवेना. कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे तिनेही कधी मनाशी धरलं नव्हतं. डॉक्टरांनी मग ताप विचारला, वजन विचारलं, ओटीपोटात दुखतं का विचारलं. प्रत्येक गोष्टीला तिचं उत्तर हो.

"आधी नवऱ्याला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मूल दोघांचं असतं. तपासणी एकटीची करून काय उपयोग?"

प्रेमराज आला. तपासणीच्या खोलीबाहेर मान खाली घालून बसला, पण आला. त्याचा रिपोर्ट चांगला निघाला. त्या दिवशी दिपमाला माझ्या स्वयंपाकघरात नुसती येरझाऱ्या घालत होती. भांडी उचलून परत तिथेच ठेवत होती. "खरं सांगू?" ती एकदम म्हणाली. "मला वाटत होतं, त्याच्यात काहीतरी निघावं. कसलं पाप आलं बघ मनात." मी म्हटलं, पाप कसलं त्यात. ती म्हणाली, "आता ती भावाची पोरगी आलीच म्हण."

नंतर नळ्यांचा फोटो काढला. पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात तो. औषध दोन्ही नळ्यांच्या तोंडाशीच अडलं. मग पोटात दुर्बीण घातली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. निकाल ऐकायला आम्ही तिघं गेलो.

"क्षय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "टीबी."

प्रेमराजला वाटलं, कागदांची अदलाबदल झाली असेल. "पण तिला खोकला नाही मॅडम."

"क्षय फुफ्फुसातच होतो असं नाही. तिथून रक्तात उतरतो आणि कुठेही जाऊन बसतो. हिच्या नळ्यांत बसलाय, पिशवीच्या अस्तरात बसलाय. अंडं तयार होतं, तुमच्याकडूनही सगळं ठीक आहे, पण दोघांची गाठ पडते ती नळीत. नळीच बंद असेल तर गोळ्यांनी कितीही अंडी वाढवा, काय होणार?"

"माझ्यामुळे यांना होईल?" दिपमालाने विचारलं.

"पोटातला क्षय सहसा असा दुसऱ्याला लागत नाही. तुला मात्र कधीतरी कुणाच्या तरी खोकल्यातून लागला. घरात कुणाला जुना खोकला आहे?"

दिपमालाने प्रेमराजकडे पाहिलं. प्रेमराज खिडकीकडे पाहत होता.

भागाबाई तपासायला तयार होईना. दमा आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, पोरानं आईला क्षयी ठरवायचं का, असं तिने रडून-ओरडून केलं. तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा प्रेमराजचा आवाज चढला. "हाई गाडी मी काढस," तो म्हणाला, "तू पुढे बसशी का मांगे, तेवढंच सांग." ती पुढे बसली. थुंकीच्या तपासणीत जंतू निघाले. स्वप्नील आणि पुनम यांचीही तपासणी झाली, ते दोघे सुटले.

झालं असं, की मुलासाठी सवत आणायला निघालेली सासू आणि सवत येणार म्हणून झोप उडालेली सून, दोघी रोज सकाळी चुलीपुढे एकाच तांब्यातल्या पाण्याने त्याच गोळ्या गिळायला लागल्या. दिपमालाला गोळ्यांनी मळमळायचं. लघवी केशरी झाली तेव्हा ती घाबरून मला फोन करत बसली, आणि भागाबाईचीही तशीच झाल्याचं कळल्यावर दोघींना पहिल्यांदा एकत्र हसू आलं. पण भागाबाईने एक बजावून ठेवलं होतं: "कोनले सांगू नको." कुणी आलं की गोळ्यांचं पाकीट पिठाच्या डब्यामागे जायचं. ताकदीच्या गोळ्या, असं शेजारी सांगितलं. वांझ म्हटलेलं भागाबाईला चालत होतं, क्षय म्हटलेलं नाही. दुसऱ्या लग्नाचं बोलणं मात्र आपोआप बंद पडलं. ते कुणी बंद केलं नाही, पुन्हा काढलंही नाही.

एका सकाळी गोळी हातात धरून भागाबाईने विचारलं, "मनामुयेच व्हयनं का हाई?"

सासूमुळेच हे झालं का, हे दिपमालाने डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाल्या होत्या, सांगता येत नाही. लहानपणीही लागला असेल, जंतू अनेक वर्षं झोपून राहतो. पहूरला दिपमालाच्या चुलत्याला क्षय होऊन गेला होता, तो मलाही आठवतो. दिपमाला सासूला एवढंच म्हणाली, "आत्या, डॉक्टर म्हणतात, ते सांगता येत नाही." आणि उठून मशीनवर जाऊन बसली.

मला सांगताना ती म्हणाली, "नाही म्हणता आलं असतं. म्हातारीला बरं वाटलं असतं. तोंडातून निघालंच नाही. आणि हो म्हणून तिला जाळावं, तेही जमलं नाही. दिवसभर चुकीच्या शिलाया उसवत बसले."

औषध पुरं झालं. ताप गेला, अंग भरलं. भागाबाईचा तो कायमचा दमाही गेला. पाळी थोडी सुधारली. दिपमालाने आशेने पुन्हा फोटो काढायचा हट्ट धरला. नळ्या बंदच होत्या.

"जंतू मेले," डॉक्टर म्हणाल्या, "पण त्यांनी केलेले व्रण राहिले. लवकर सापडला असता तर कदाचित नळ्या वाचल्या असत्या." मग त्यांनी टेस्ट ट्यूबचा मार्ग समजावला. अंडी सुईने बाहेर काढायची, प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा आणि नळ्या टाळून सरळ पिशवीत सोडायचा. "पण पिशवीचं अस्तर पातळ आहे. मी खोटी आशा देणार नाही. प्रयत्न करू."

इंजेक्शनं झाली. दोन चांगले गर्भ तयार झाले. एक आत सोडला, एक गोठवून ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडून राहायची गरज नाही, रोजची कामं कर. तिला कामं पुरेनात. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, दाराशी जायची, परत यायची. पोटात जरा काही झालं की फोन. दुखतंय म्हणजे चांगलं की वाईट? आज दुखत नाही म्हणजे काय? मला काय ठाऊक असणार. शेवटी रक्ताचा रिपोर्ट आला. राहिलं नव्हतं.

त्याच सुमारास पुनमला दिवस गेले. दिपमालाला कसं सांगावं म्हणून सगळ्यांनी लपवलं. मोरीत उलट्या करताना पुनम तिला सापडली आणि उलट पुनमच तिच्या गळ्यात पडून रडायला लागली, जणू काही चोरी केली होती. दिपमालाने तिचं तोंड धुतलं, लिंबू चिरून दिलं. मग झबली शिवायला घेतली. दोन शिवली, तिसऱ्याला कात्री भिरकावली. दोन दिवस जावेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कात्री शोधून काढली.

पुनमला मुलगा झाला. भागाबाई त्याला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडाला तोंड लावून तासन् तास काहीबाही बोलायची. एकदा मी गेले होते तेव्हा ते बघत दिपमाला हळूच म्हणाली, "हिचा खोकला तसाच असता तर गं?"

दुसरा गर्भ वर्षभराने सोडला. तोही राहिला नाही. डॉक्टर म्हणाल्या, अस्तर साथ देत नाही. प्रेमराज म्हणाला, "अजून एकदा करू. नाशिकला जाऊ, पुण्याला जाऊ." बोलायला लागल्यापासून तो आता थांबतच नव्हता.

"सुया मला टोचतात," दिपमाला म्हणाली. "आता बास. आपण मूल आणू. कुणाचं तरी असेल ना, ज्याला घर नाही."

प्रेमराज उठून गेला. बरेच दिवस तो घरी जेवणापुरता यायचा. रक्ताचं नाही, गाव काय म्हणेल, जमिनीच्या वाट्यावरून भाऊ काय म्हणेल, हे सगळं त्याने पिकअपमध्ये एकट्यानेच फिरवून पाहिलं असावं. एक दिवस पारोळ्याच्या बाजार समितीत कांदा उतरवून थेट माझ्याकडे आला. पाणीही न पिता म्हणाला, "ते दत्तकाचं नाव कुठं नोंदवायचं असतं?" आम्ही दोघांनी मिळून कॉम्प्युटरवर नोंदवलं.

काही महिन्यांनी संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. दिपमालाने मला बोलावून घेतलं होतं. ओट्यावर खुर्ची टाकलेली. पुनमने चहा केला. शेजारच्या कुंदाबाई निमित्त काढून आत येऊन बसल्या होत्या, दाराशी आणखी दोघी-तिघी उभ्या. बाईंनी शेती विचारली, घरातली माणसं विचारली, मग म्हणाल्या, "तुम्हाला कधी मोठा आजार वगैरे?"

प्रेमराजने घसा खाकरला. दिपमालाची बोटं पदराच्या काठाशी खेळत होती. बोटं थांबली.

"क्षय झाला होता," ती म्हणाली. "पोटात. पूर्ण औषध घेतलं. बरा झाला. कागद आहेत."

कुंदाबाईंचा कप अर्ध्यात थांबला. पोराला कडेवर घेऊन उभी असलेली भागाबाई पुढे आली.

"माले बी व्हता," ती म्हणाली. "छातीमा. मना तर हिना आधीपासून व्हता. गोया खाईसन बरा व्हयना. लिखी ल्या."

बाईंनी लिहून घेतलं: दोघींना क्षय, सासूला आधीपासून, दोघी बऱ्या. बाकी प्रश्न झाले, त्या गेल्या. कुंदाबाईंनी गावभर सांगितलं असणारच. पण दोन-तीन आठवड्यांनी त्यांनीच दिपमालाला मशीनजवळ गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "मन्ही आंडेर शे ना, तिले बी एकच दिन जास. दखाडाले पाहिजे का?" दिपमालाने हातातलं काम ठेवलं आणि मुलीला कधी आणता, एवढंच विचारलं.

त्या मुलीला क्षय नव्हता, थायरॉईड निघाला. गोळी सुरू झाली.

दिपमालाचा नंबर अजून आलेला नाही. यादी लांब आहे, अजून वर्ष लागेल, दोन लागतील, कुणी नक्की सांगत नाही. मुलगा की मुलगी, केवढं, काहीच माहीत नाही, त्यामुळे तिला कपडेही शिवता येत नाहीत. फोन वाजला की ती मशीनवरून उठते. बहुतेक वेळा कुणीतरी ब्लाउज झाला का, असं विचारत असतं.

"झाला," ती म्हणते, "संध्याकाळी घेऊन जा," आणि परत बसायच्या आधी उगाच एकदा दारापर्यंत जाऊन येते.