आत्याआजी कॉलेजात गायली त्याबद्दल

गेल्या रविवारी बोलताना तुम्ही दोघांनी मला तो व्हिडिओ दाखवलात. माझ्याकडे तो आधीच येऊन गेला होता. आपल्या नात्यातल्या सगळ्यांच्या फोनवर तो फिरतो आहे. आत्याआजी कॉलेजच्या मंचावर उभी आहे, एक ओळ म्हणते, थांबते, समोर बघते, लोक टाळ्या वाजवतात, आणि ती पुन्हा तीच ओळ म्हणते. धाकटीने विचारलं, "आजी, ती विसरली का गं?" आणि मोठा म्हणाला, "पण किती गोड दिसते." मी विषय बदलला, कारण फोनवर सांगून ते कळलं नसतं. म्हणून लिहिते आहे, आणि माझ्या सवयीप्रमाणे क्रमाने लिहिते.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. आपलं घर पापडीला, त्यांचं उमेळ्याला. पूर्वी त्यांच्या दारातून स्टेशनच्या बाजूला बघितलं की केळी आणि सोनचाफ्याची झाडं दिसायची. आता बाल्कन्या दिसतात, त्यात वाळत घातलेले कपडे. वाडीचा एक तुकडा अजून आहे, विहिरीपाशी. तिथे त्या रोज सकाळी जाऊन उभ्या राहतात. काम काही नसतं.

आपल्या लोकांत लग्नाच्या प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं. हळद दळताना वेगळं, मांडव घालताना वेगळं, नवरदेवाला न्हाऊ घालताना वेगळं. ही गाणी कुठे छापलेली नाहीत. आणि ती एकटीने म्हणायचीही नसतात. एक बाई ओळ सांगते आणि बाकीच्या बायका तीच ओळ मागे धरतात. त्या म्हणत असतात तेवढ्या वेळात सांगणारीला पुढची ओळ सुचते. तिला सगळं गाणं एकदम आठवत नसतं, कधीच आठवत नव्हतं. मागच्यांची ओळ कानावर पडली की तिच्या टोकाला पुढची ओळ येते. हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हळदीला कळलं. मी वन्संना म्हटलं होतं, पूर्ण गाणं एकदा सांगा, मी लिहून घेते. त्या दोन ओळी सांगून अडल्या आणि माझ्यावरच चिडल्या, की तू नुसती बघत काय बसलीस, धर की मागे.

उमेळ्यात आणि आजूबाजूला कुणाचंही लग्न असलं की बोलावणं आधी वन्संना जायचं. अलीकडे ते कमी झालं. हळदीला मोठे स्पीकर येतात, मुली नाच बसवतात. मागे धरणाऱ्या बायकाही राहिल्या नाहीत. काही वारल्या, काही गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाहीत. गेल्या वर्षी शेजारच्या लग्नात वन्सं गायला बसल्या तेव्हा मागे दोघीच होत्या, आणि त्यातली एक येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करत होती. गाणं मध्येच तुटलं. त्यांच्या सुनेने ते पाहिलं.

खरं सांगायचं तर विसरणं अजिबात नाही असंही नाही. आमटीत दोनदा मीठ पडतं. किल्ली फ्रिजमध्ये सापडते. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून गोळ्या दिल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या नातवाचं, म्हणजे तुमच्या दादाचं, लग्न ठरलं तेव्हा घरात बोलणं सुरू झालं की हळदीला गाणारी पार्टी बाहेरून आणावी. सून वाईट नाही, ते तुम्हाला माहीत आहे. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मामी, चारचौघांत त्यांची फजिती झाली तर ती मलाच बघवायची नाही."

वन्संनी ते ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी फक्त मला एकदा विचारलं की नातवाच्या हळदीला दुसरं कुणी गाणार म्हणतात ते खरं का. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाची हळद आणि मी खुर्चीत बसू?" आणि मग विहिरीकडे निघून गेल्या.

त्याच सुमारास कॉलेजातून फोन आला. मी जिथे इंग्रजी शिकवलं ते कॉलेज तुम्ही पाहिलं आहे. दोन मजले, पुढे छोटं मैदान, आणि मधल्या घडीच्या भिंती सरकवल्या की तीन वर्गांचा एक हॉल होतो. दर हिवाळ्यात तिथे एका संध्याकाळी आसपासच्या गावांच्या कलांचा कार्यक्रम असतो आणि तो गावकऱ्यांनाही खुला असतो. जूचंद्रच्या मुली रांगोळी काढतात, चर्चच्या बँडमधली मुलं वाजवतात, कुणी नाटुकलं बसवतं. आता ते सगळं जी बाई बघते ती माझीच विद्यार्थिनी. तिला लग्नाची जुनी गाणी हवी होती, आणि ती म्हणणारं माणूस हवं होतं.

मी वन्संचं नाव सुचवलं आणि सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "चालेल. कॉलेजात नीट म्हटलं, तर हळद त्यांचीच. मग मी कुणाचं ऐकणार नाही." हा शब्द तिने वन्संसमोर दिला. त्या संध्याकाळचं वन्संच्या दृष्टीने काय महत्त्व होतं, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तयारी त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. कॉलेजने पाच मुली दिल्या होत्या, मागे धरायला. त्यातल्या दोघी वसईच्याच, बाकीच्या नव्या वस्तीतल्या, एकीच्या घरी हिंदी बोलतात. मुली जमिनीवर बसायच्या, मी स्टुलावर, वन्सं भाजी निवडत सांगायच्या. मुली चुकायच्या, हसायच्या, पण ओळ परत यायची. आणि ओळ परत आली की वन्संना पुढची यायची, अगदी न थांबता. हळदीचं गाणं मामा-मामी, काका-काकू असं एकेका नात्याला हाक मारत पुढे जातं. ते त्यांनी सगळं म्हटलं. मीही मागे धरत होते. वन्सं मला म्हणाल्या, "वैनी, जन्मभर पोरांना शिकवलंस, आणि आवाज अजून तोंडातल्या तोंडात." मुली लोळून हसल्या. सून ओट्यापाशी उभी होती, तीही हसली.

कार्यक्रमाच्या दिवशी वन्सं अंजिरी लुगडं नेसल्या आणि केसात चाफा माळून रिक्षातून माझ्याबरोबर आल्या. मुलगा आणि सून मागाहून येणार होते. हॉल गच्च भरला होता. मला दुसऱ्या रांगेत बसवलं. विंगेत त्या मुली दिसत नव्हत्या म्हणून मी माझ्या विद्यार्थिनीला खूण करून बोलावलं. ती घाईत होती. तिने सांगितलं की मुलींनी फोनवर केलेलं तालमीचं रेकॉर्डिंग ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं, मुलींच्या आवाजात आजींचा आवाज हरवतो. लोकांना अस्सल आवाज ऐकायला मिळाला पाहिजे. म्हणून मुलींना पहिल्या रांगेत बसवलं आहे. "मॅडम, आजींना पूर्ण स्टेज दिलाय," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतका आदर होता की काय चुकतं आहे ते सांगायला मला शब्द जुळवावे लागले. मी म्हटलं, अगं, ते गाणं तसं नसतं, त्यांना मागे कुणीतरी लागतं. ती म्हणाली, हो मॅडम, मी विंगेतच आहे, शब्द फोनवर घेतलेत, अडल्या तर सांगते. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

मी उठून मंचाकडे निघाले. पण निवेदन सुरू झालं होतं आणि जिन्यापाशी बँडची मुलं वाद्यं घेऊन उभी होती. निवेदकाने सगळ्यांना विनंती केली की फोन बंद करा आणि या दुर्मीळ गाण्याचा मान राखून पूर्ण शांतता ठेवा. आपल्या कॉलेजची मुलं कार्यक्रमात शांत बसतात याचं बाहेरचे लोक नेहमी कौतुक करतात. त्या दिवशी तर पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मी परत जागेवर येऊन बसले.

वन्संनी पहिली ओळ म्हटली. माइकमधून त्यांचा आवाज इतका मोठा आला की त्याच दचकल्या. मग त्या थांबल्या, जशा नेहमी थांबतात, आणि समोर बसलेल्या मुलींकडे पाहिलं. मुली हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, त्यांना तसंच सांगितलं होतं. क्षणभर काही झालं नाही. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि अख्ख्या हॉलने वाजवली.

वन्संनी तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा जोरात, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं तशी. पुन्हा थांबल्या. पुन्हा टाळ्या. तुम्ही व्हिडिओत पाहता ते हे.

मी जागेवरूनच मागे धरली. शपथेवर सांगते, माझ्या अंगात होता तेवढा आवाज मी काढला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. एका गृहस्थांनी कौतुकाने मान डोलावली. मुलींपैकी एकीने माझ्याबरोबर तोंड उघडलं आणि शेजारच्या शिक्षिकेने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. वन्संना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि मंचावर स्पीकरच्या मोठ्या पेटीतून त्यांचाच श्वास घुमत होता. माझा आवाज तिथवर पोचला नाही. त्या डोळे बारीक करून मला शोधत राहिल्या, पण दिवे त्यांच्या तोंडावर होते.

मग माझी विद्यार्थिनी विंगेतून आली. तिने फोनमध्ये बघून पुढची ओळ त्यांच्या कानात सांगितली. वन्संनी ती म्हटली आणि पुन्हा थांबल्या. तिने त्याच्या पुढची सांगितली. ती बिचारी जितकी मदत करत होती, तितकं हॉलमधल्या प्रत्येकाला कळत होतं की या बाईंना आठवत नाही. दोन नात्यांच्या पुढे गाणं गेलं नाही. निवेदक हसतमुखाने पुढे आला आणि म्हणाला, "वयाचा मान राखूया, आजींसाठी एकदा जोरदार टाळ्या." शाल आली, नारळ आला. वन्सं शाल अंगावर घेऊन उभ्या होत्या, आणि माइक अजून चालू होता. त्या निवेदकाला म्हणाल्या, "मी इसरली नाय. ही मागं धरत नाईत." सगळा हॉल हसला. प्रेमानेच हसला, आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो.

मागच्या दाराशी सून उभी होती. ती कधी आली ते मी पाहिलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि वन्संना हात देऊन जिन्यावरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी मी उमेळ्याला जाऊन मुलाला आणि सुनेला सगळं समजावून सांगितलं, तुम्हाला आता सांगितलं तसंच. मुलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामी, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण हळदीला तरी मागे धरायला कोण आहे? माझी बायको? तिला येतं का? माझ्या मुली?" मी म्हटलं, त्या पाच जणींना बोलावू. बोलावलंही. त्यांच्या परीक्षा त्याच आठवड्यात होत्या. एकीने मात्र मनापासून कळवलं की तिला यायचं होतं.

हळद झाली. पार्टी विरारहून आली होती, चांगली गात होती, स्पीकर मांडवाच्या चारही कोपऱ्यांत. जुनीच गाणी होती, ढोलकीवर बसवलेली. तुम्ही फोटो पाहिलेत, त्यात आत्याआजी पुढच्या खुर्चीत आहे. नातवाने सगळ्यांच्या आधी तिच्या हाताने हळद लावून घेतली, ते त्याने छान केलं.

मी शेजारच्या खुर्चीत होते. हळद लावून परत बसल्यावर त्यांचे ओठ हलताना दिसले. पार्टीचं गाणं वेगळं चाललं होतं, हे दुसरंच काही होतं. मी वाकून कान जवळ नेला. स्पीकरपुढे एक अक्षर कळेना. त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, ओळ परत येण्याची वाट बघत. कुठल्या नात्याची ओळ होती ते मला कळलं नव्हतं. मी आपली मामाची धरली. त्यांनी मान हलवली, ही नाही. मी काकूची धरली. त्यांनी माझ्या मांडीवर पिवळा हात ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.