हनुवटीपासून खळगीपर्यंत

माझ्या मुलीने मान वर केली की हनुवटीपासून गळ्याखालच्या खळगीपर्यंतचं अंतर साडेदहा सेंटिमीटर भरायचं. माझं अठरा भरतं, बायकोचं सतरा. ही मापं मी घरीच पोलादी टेपने घेतली होती. बेळगावातल्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. मोजल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट पुरती पटत नाही.

ती नऊ वर्षांची असताना भाजली. निपाणीकडच्या एका गावी माझ्या बहिणीच्या सासरचं गुऱ्हाळ होतं. काईल, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवताना उकळता रस उडाला आणि तिच्या उजव्या कानाखालून गळ्यावर, तिथून छातीच्या हाडापर्यंत ओघळला. मी चार फुटांवर उभा होतो. दिवसाला किती आधणं निघतात, एका आधणाला किती गूळ पडतो, हे मी गुळव्याला विचारत होतो. जखम भरली, पण भरताना कातडी आवळत गेली आणि मान उजवीकडे, खाली ओढली गेली. कुणी हाक मारली की ती मान न वळवता खांदे वळवून बघायची. वाढ थांबल्यावर ऑपरेशन करा, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही दहा वर्षं थांबलो.

पहिलं ऑपरेशन ती एकोणीस वर्षांची असताना झालं. तेव्हा सर्जन कसा निवडला हे सांगायला मला लाज वाटते. एका नातेवाइकाने नाव सुचवलं, आम्ही गेलो. डॉक्टर आमच्याच बोलीत बोलले. "मूळ गाव कुठलं म्हणालासा? उचगाव व्हय? मग ही आपलीच पोरगी की." एवढ्यावर मी निम्मा विरघळलो. आमच्या भागात माणसाचा निम्मा जन्म बँकेत, कचेरीत, दवाखान्यात दुसऱ्याच्या भाषेत शब्द शोधण्यात जातो. त्यात कुणी आपल्या बोलीत बोललं की वाटतं, ह्याने आपलं सगळं ऐकून घेतलं. भाजलेल्या मानेची किती ऑपरेशनं केलीत, शिक्षण नेमकं कशाचं, नंतर काय काळजी घ्यायची, यातलं मी काही विचारलं नाही. कारखान्यात साधा बोल्ट घेतानाही मी पुरवठादाराला दहा प्रश्न विचारतो. आठ महिन्यांत व्रण पुन्हा आवळला आणि जाड होऊन वर उठला. आधी अकरा सेंटिमीटर होतं, ते साडेदहा झालं. डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. हे त्यांचं काम नव्हतं, आणि ते आधी शोधून काढणं माझं होतं.

नंतर सहा वर्षं घरात तो विषय निघाला नाही. मुलगी शाळेत गणित शिकवू लागली. मग एका रविवारी तीच म्हणाली, "आप्पा, व्रण परत ओढालाय. मान दुखती. एकदा दाखवू या. पण ह्या खेपेला फसलं तर मी तिसऱ्यांदा टेबलावर झोपणार न्हाय, आधीच सांगून ठेवते."

म्हणजे संधी एकच होती.

मी कागद काढला आणि सतरा प्रश्न लिहिले. चौकशीत दोन डॉक्टरांची नावं पुढे आली; आधी त्यांची नोंदणी आणि पदवी तपासली. दोघेही प्लास्टिक सर्जरीतलेच होते. पहिल्यांना भेटायला आम्ही मोठ्या शहरात गेलो. तिथल्या स्वागतकक्षात मासिकातल्यासारखे चेहरे लावलेले होते. डॉक्टरांनी टॅबवर फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. आधीच्या फोटोंत ट्यूबलाइटचा उजेड, विस्कटलेले केस, पडलेलं तोंड. नंतरच्यांत समोरून ऊन, ओठांना लाली, हसू. कारखान्यात आम्ही दोन्ही मापं एकाच गेजने घेतो. इथे गेजच बदललेलं होतं. मी विचारलं, "यातली किती परत आवळली?" ते म्हणाले, "माझ्याकडे एकही नाही." जिथे रिजेक्शन शून्य दाखवतात तिथे तपासणीच होत नसते, हे मला बावीस वर्षांत कळलेलं आहे. चहा पिऊन आम्ही निघालो.

दुसरे बेळगावातलेच, कानडी बोलणारे. मराठी त्यांना जेमतेम येत होतं. माझी कानडी कारखान्यातली, म्हणजे माल आणि माणसं हलवण्यापुरती. तरी तासाभरात आमचं बोलणं झालं. त्यांनी मुलीला वर, खाली, दोन्हीकडे बघायला लावलं आणि अंश मोजून लिहून घेतले. मग माझ्याकडे न बघता तिलाच सांगितलं, थोडं कानडी, थोडं हिंदी. व्रण जाणार नाही. एक व्रण देऊन दुसरा घ्यायचा आहे, आणि मांडीवर तिसरा येणार आहे, कारण कातडी तिथून काढावी लागेल. मान सुटेल. पण नंतर सहा महिने, कदाचित वर्ष, गळ्यात पट्टा घालावा लागेल. माझ्याही काही रुग्णांचं परत आवळलेलं आहे. काहींचं पट्ट्याच्या हयगयीने, काहींचं का ते मला सांगता येत नाही.

मी म्हणालो, तुम्ही ऑपरेशन केलेल्या एखाद्या माणसाला मला भेटायचं आहे. ते म्हणाले, नाव देता येत नाही. मी विचारून बघतो. कुणाची तयारी असेल तर तेच तुम्हाला फोन करतील.

नवव्या दिवशी निपाणीहून एका मुलीचा फोन आला. मुलगी सत्तावीस वर्षांची होती. दहावीत असताना स्टोव्हचा भडका होऊन गळा भाजलेला, ऑपरेशन चार वर्षांपूर्वीचं. "काका, रविवारी घरीच या. फोनवर कळत न्हाय ते," ती म्हणाली.

आमच्या मुलीने यायला नकार दिला. "तुम्ही बघून या. मी कुणाचा गळा बघाय येणार न्हाय." म्हणून आम्ही नवरा-बायको गेलो. मोकळ्या हाताने कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून बायकोने खडेबाजारातल्या मिठाईवाल्याकडून अर्धा किलो कुंदा घेतला आणि लग्नाकार्याची साडी नेसली. मीही इस्त्रीचा शर्ट घातला. त्या घरात आम्ही काय दिसणार, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

घरात स्वागत जरा जास्तच झालं. मुलीचे वडील तंबाखूच्या वखारीत मुकादम. ते दारापर्यंत आले. "यावा पाव्हणं, वाटंत तरास न्हाय न्हवं झाला?" खुर्च्यांवर धुतलेले अभ्रे होते. आत्या म्हणून एक वयस्क बाई समोर बसल्या होत्या आणि माझ्या बायकोला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. मुलगी पोहे घेऊन आली. साडी, उंच गळ्याचा ब्लाउज. तिला खिडकीकडे पाठ होईल अशा, डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. वडील म्हणाले, "बी.कॉम. झालीया. सैपाक सगळा येतोय. स्वभावानं लई गरीब." मला वाटलं, ओळख करून देण्याची इथली पद्धत असेल.

बायकोने माझ्या गुडघ्याला गुडघा लावला. ती खुर्ची कुठे ठेवलीय ते तिला माझ्याआधी दिसलं होतं. आमच्या घरीही मुलीला बघायला पाहुणे येतात तेव्हा, गळा उजेडात येऊ नये म्हणून, खुर्ची तशीच ठेवली जाते.

आत्यांनी विचारलं, "मुलगा कुठं असतोय म्हणायचा?"

"मला मुलगा नाही," मी म्हणालो. "एक मुलगीच."

"मग पुतण्यासाठी?"

मुलीने ताट खाली ठेवलं. "आई, मी सांगितलंतं की, डॉक्टरांच्या ओळखीचं येणार हाईत म्हणून."

"व्हय, ओळखीचं म्हणालीस," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "मला वाटलं, डॉक्टरांनीच स्थळ आणलंय."

"तरी म्हणलं," आत्या म्हणाल्या, "पहिल्याच भेटीला कुंदा घिऊन आल्यात, बेळगावचं पाव्हणं लईच हौशी दिसत्यात."

मी हात जोडले. खिशातला कागद काढून सगळं सरळ सांगितलं. आमची मुलगी, गुऱ्हाळ, पहिलं ऑपरेशन, साडेदहा सेंटिमीटर. ते सांगताना माझ्या मनात एकच येत होतं. दर वेळी पाहुणे येऊन गेल्यावर मी या माणसाच्या खुर्चीत बसलेला असतो. आज मी त्याला तिथे बसवलं होतं, आणि पोहे खाऊन वर प्रश्न विचारणार होतो. म्हणालो, "चूक माझी झाली. मी आधी तुम्हाला फोन करायला हवा होता. तुमची इच्छा नसेल तर आम्ही उठतो."

वडिलांनी पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा. पोरीचा बाप हाईसा तुम्ही बी."

मुलगी आत गेली आणि साधा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी न घेता बाहेर आली. खुर्ची ओढून उजेडात बसली. गळ्यावर कातडीचा एक चौकोनी तुकडा होता, बाजूच्या रंगापेक्षा गडद, कडेने शिवण दिसणारा. तिने मान मागे टाकली. मला टेप काढायचं धाडस झालं नाही. डोळ्यांनीच सोळा-सतरा मोजले.

सतरापैकी बारा प्रश्नांची उत्तरं तिने मी न विचारताच दिली. गळा फारसा दुखला नाही, मांडी दुखली. कातडी काढलेली जागा पंधरा दिवस आगीसारखी, आणि नंतर खाज. सुरुवातीचे नऊ दिवस मान हलवायची नाही. रंग जुळत नाही, जुळेल अशी आशा धरायची नाही. पट्टा आठ महिने. "एप्रिलात पट्टा घालून बघा काका, मग कळतंय ऑपरेशन कशाला म्हणायचं ते." उजव्या बाजूला दोन बोटांएवढी जागा परत आवळली होती. ती दाखवून म्हणाली, "हितं जरा गडबड झाली. दोन लग्नं होती. पट्टा काढून बसाय लागलं."

"मीच काढाय लावलता," आई दारातून म्हणाली. "चार माणसांत कशाला दिसाय पायजे, म्हणून." ती आतापर्यंत बसली नव्हती. माझी बायको उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

मुलीने मेजावरचा तांब्या उचलला, मान मागे केली आणि ओठ न लावता वरून पाणी प्यायली. मग म्हणाली, "काका, तुमच्या कागदात हे न्हाय. सात-आठ वर्षं मला कुणाच्या घरात पाणी पिता येत न्हवतं. सगळी वरनं पित्यात. मी भांडं मागायची, तोंड लावायची, मग ते भांडं बाजूला ठेवत्यात. आता मी कुठंबी पिते. मला मिळालं ते हे. बाकी डाग हाय तसा हाय."

माझ्या कागदावर अंश होते, दिवस होते, टाके होते. आमची मुलगी घरात कायम एकाच स्टीलच्या पेल्यातून पाणी पिते, हे मी सोळा वर्षं बघत होतो. मला वाटायचं, तिला तो पेला आवडतो.

निघताना वडील गाडीपर्यंत आले. कुंद्याचा पुडा परत देतील की काय असं मला वाटलं, पण ते म्हणाले, "ठेवून घेतो. पोरीला आवडतोय." मग, दार लावता लावता, "तुमच्या पोरीचं काय ठरलं ते कळवा."

घरी आल्यावर मी मुलीसमोर कागद ठेवला, उत्तरांसकट. तिने तो पेपर तपासावा तसा वरून खाली वाचला. मी पाण्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितै की. शाळेच्या स्टाफरूममधी पण तेच हाय."

"मग कधी बोलली नाहीस."

"तुम्ही मानच मोजत व्हता, आप्पा." ती रागाने बोलत नव्हती. "लग्न जमावं म्हणून करणार असाल तर मला करायचं न्हाय. डाग जाणार न्हाय म्हणून डॉक्टरांनी सांगितलंयच, म्हणजे त्यानं काय जमणार न्हाय. मान सुटावी म्हणून करायचं असंल तर माझा व्हय हाय. पण पट्टा कुणाच्या लग्नाला काढणार न्हाय. आईलाबी सांगा."

आई तिथेच होती. तिने मान डोलावली.

मग निपाणीचा नंबर घेऊन मुलगी आतल्या खोलीत गेली. चाळीस मिनिटं बोलत होती. दोनदा हसल्याचं ऐकू आलं. बाहेर येऊन तिने सुट्ट्या बघून तारीख सांगितली. त्या फोनवर काय बोलणं झालं ते मी आजवर विचारलेलं नाही.

ऑपरेशन कानडी डॉक्टरांनी केलं. साडेतीन तास लागले. सहाव्या दिवशी कातडीच्या एका कडेला पू दिसला आणि तीन रात्री आम्हा दोघांना झोप नव्हती. डॉक्टर रोज दोन वेळा येऊन बघून गेले. कड सुटली, पण तुकड्याने जीव धरला. पट्टा अकरा महिने होता. त्या काळात नात्यात पाच लग्नं झाली. तीन लग्नांना ती पट्टा घालून गेली आणि दोन लग्नांना गेलीच नाही. आज अंतर सोळा सेंटिमीटर आहे. अठरा होणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं आहे. मांडीवरचा व्रण थंडीत अजून खाजतो. लग्न जमलेलं नाही. पाहुणे येतात तेव्हा ती आपली खुर्ची आपणच निवडते.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, आधीचा आणि आताचा फोटो दुसऱ्या रुग्णांना दाखवू का. तिने थोडा विचार केला आणि कानडीत सांगितलं, फोटो नको, माझा नंबर द्या. तेव्हापासून महिन्याला एखादा फोन येतो. मागच्या आठवड्यात खानापूरकडच्या कुणा बाईंचा होता. मुलगी दार पुढे ओढून घेते आणि बोलत बसते. किती वेळ लागतो ते मी आता बघत नाही.