अर्जातलं अर्धं वाक्य

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. साहेबांना तर नाहीच. साहेबांच्या गोळ्या कोणत्या आणि कोणत्या पाहुण्याशी त्यांचं बोलणं बंद आहे, इथपर्यंत मला माहीत असायचं, आणि माझं घर त्यांना माहीत. तरी हे एक आत राहिलं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय का? असेलही. दोन वेळा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. आता तिसऱ्यांदा बसलोय.

मी बारा वर्षं एका आमदारांचा पी.ए. होतो. ऑफिस आटपाडीत. कोणते साहेब, कोणता पक्ष, ते राहू द्या. माणूस भला होता आणि या प्रकरणात त्यांचा दोष एवढाच, की त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.

विधानसभेत आमदार उभे राहून मंत्र्यांना प्रश्न विचारतात, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. पण तो प्रश्न लिहितो कोण? साहेबांच्या बाबतीत मी. प्रश्न ऑनलाइन टाकायचे, साहेबांचा पासवर्ड मला तोंडपाठ, आणि ओटीपी यायचा तोही माझ्याच मोबाईलवर. अधिवेशन जवळ आलं की साहेब म्हणायचे, ‘बघ तुझ्या पद्धतीनं, चाळीस-पन्नास टाकून दे.’ प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? — त्या साच्यात मी इतका मुरलो होतो, की बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तरी मी तिला तीन भागांत विचारायचो. ती हसायची.

वाईट कामच केलं असं नाही. माझ्या एका प्रश्नामुळं जतच्या बाजूला एका वस्तीवर पाण्याचा टँकर सुरू झाला. प्रश्न कामकाजाच्या यादीत लागला की खालच्या सगळ्या ऑफिसांना घाम फुटतो, फायली पळायला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि त्यातली गंमत — आज गंमत म्हणायला जीभ अडखळते — गंमत ही, की आपण आरोप करतच नाही. आपण फक्त विचारतो. विचारणाऱ्याला कोण धरणार?

पण मी टँकरचं सांगायला बसलो नव्हतो. बघा, चांगलं काम आधी पुढं केलंच.

आटपाडीच्या पूर्वेला माळावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथं जनावरांचा सरकारी दवाखाना, आणि त्यात लोणंदकडच्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांचंही नाव लिहीत नाही. गाव त्यांना डाक्टरीणबाई म्हणायचं. गावात निम्मी वस्ती मेंढपाळांची. ते दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पश्चिमेकडं जाणार, पावसाच्या तोंडावर परत येणार. बाईंनी सगळ्यांना आपला मोबाईल नंबर देऊन ठेवला होता. कुठल्याही रानात मेंढरू अडलं, की वाड्यावरून, म्हणजे रानातल्या तळावरून, त्यांना फोन जायचा आणि त्या फोनवरून सांगायच्या, हे पाज, ते चोळ, तिथल्या अमक्या डॉक्टरकडं ने. म्हाळाप्पा नावाचा सत्तरीचा म्हातारा तर म्हणायचा, माझी पोरगी हाय ती.

त्या वर्षी श्रावणात मी त्या दवाखान्यात गेलो. साहेबांच्या बंगल्यावरच्या कुत्र्यानं दोन दिवस खाल्लं नव्हतं, तर बाईंना गाडीत घालून न्यायचं होतं. मी पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, गाडी दारात लावून आत गेलो. बाई खाली बसलेल्या, कोपरापर्यंत हात मेंढीच्या पोटात, कोकरू आडवं आलेलं. भोवती पंधरा-वीस माणसं. मी सांगितलं, आमदारसाहेबांच्या ऑफिसातून आलोय. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बरं झालं आलात. जरा हे पाय धरा.’

मी धरले. काय करणार? मेंढीनं झटका दिला, माझा शर्ट छातीपासून खालपर्यंत भरला. कोकरू जिवंत निघालं. मग बाई हात धूत म्हणाल्या, कुत्र्याला इकडं घेऊन या, मला दवाखाना सोडून येता येणार नाही. त्यावर म्हाळाप्पा बोलला, ‘सायबाच्या मानसाला मेंढराचं पाय लय झ्याक धरता येत्यात गड्या.’ सगळे हसले. बाईही हसल्या.

एवढंच. याहून मोठं काही घडलेलं नाही. मलाच कितीदा वाटतं, काहीतरी मोठं असायला हवं होतं — अपमान, भांडण, काहीतरी. नव्हतं. ते हसणं साधं होतं. कोकरू जगलं म्हणून माणसं खुशीत होती, आणि त्या खुशीत मलाही धरलं होतं. पण त्या वेळी ऑफिसात मी खुर्चीत बसायचो आणि सरपंच उभे राहायचे. मला ते हसणं महिनाभर ऐकू येत राहिलं.

दसऱ्याच्या आसपास म्हाळाप्पा ऑफिसात आला. हातात अर्ज. गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेला, खाली वीसेक सह्या आणि अंगठे, पहिला अंगठा त्याचा. अर्जात लिहिलं होतं — मला पाठ आहे — ‘दवाखान्याच्या क्वार्टरचे छप्पर पडल्यामुळे डॉक्टर मॅडम गावात मुक्कामी राहू शकत नाहीत, त्यांना रोज आटपाडीहून ये-जा करावी लागते, तरी क्वार्टर दुरुस्त करून मिळावी.’ म्हातारा म्हणाला, पावसापान्याचं बाई गाडीवरनं येत्यात, जिवाला घोर लागतो. साहेबांच्या कानावर घाला. मी म्हणालो, घालतो.

हिवाळी अधिवेशनाचे प्रश्न टाकायचे दिवस होते. मी अर्ज समोर ठेवला आणि लिहिलं — सदर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकारी मुख्यालयी राहत नसल्याची बाब निदर्शनास आली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, संबंधितांवर कोणती कारवाई केली?

छप्पर गाळलं. क्वार्टर गाळली. गावानं बाईंसाठी लिहिलेलं वाक्य मी मधून मोडलं आणि अर्धं बाईंवरच फेकलं. ओटीपी आला, टाकला, चहा मागवला.

प्रश्न लागलाच नसता तर? पन्नासातले चाळीस लागत नाहीत, लागले तरी सभागृहात नंबर येत नाही. हा लागला, आणि नंबरही आला. नागपूरला मी वरच्या गॅलरीत बसलो होतो. मंत्र्यांचं उत्तर छापून आलं होतं — ‘हे अंशतः खरे आहे.’ आणि पुढं खालच्या ऑफिसनं प्रामाणिकपणानं लिहिलेलं, निवासस्थान नादुरुस्त असल्याने वगैरे. ते मी सकाळीच वाचलं होतं. म्हणून साहेबांच्या चिठ्ठीवर उपप्रश्न लिहून दिला होता, की कारणं नकोत, निलंबन करणार का, एवढंच विचारा. साहेबांनी तेवढंच विचारलं. मंत्री घाईत होते, त्यांच्यापुढं अजून रांग होती. ‘निलंबित करण्यात येईल.’ बाकं वाजली. सगळा मिळून दोन-तीन मिनिटांचा खेळ. दुसऱ्या दिवशी पेपरात साहेबांचा फोटो आला आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

इथं थांबलो असतो तरी बरं होतं. मला वाटलं होतं, इथपर्यंत सांगून मोकळं होता येईल. पण हा अर्धाच भाग झाला, आणि अर्धं सांगायची सवय मला जुनी आहे.

आठवड्यानं बाई ऑफिसात आल्या. हातात हेल्मेट. साहेब नव्हते. मला वाटलं भांडतील. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘चौकशीचं माझं मी बघते. फक्त तक्रार कुणी केली तेवढं सांगा.’

मी काहीही सांगू शकलो असतो. माहीत नाही म्हणालो असतो. प्रश्न वरून आला म्हणालो असतो. असे शंभर लोकांना वाटेला लावले होते मी. पण त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला वाटलं यांना कळलंय, आता या माझं नाव घेणार. मी घाबरलो. फाईल उघडली, अर्ज काढला, टेबलावर ठेवला. वरच्या मजकुरावर तळहात ठेवून खालच्या सह्या आणि अंगठे त्यांना दाखवले. म्हणालो, ‘मॅडम, तुमच्या गावातनंच अर्ज आलाय.’

त्यांनी पहिला अंगठा पाहिला. त्या अंगठ्याच्या ठशात मधोमध आडवी चीर होती.

‘हे म्हाळाप्पाबाबांचं बोट,’ त्या म्हणाल्या. ‘लोकर कातरताना कापलं होतं. मीच बांधलं होतं.’

मी तळहात उचलला नाही. त्यांनी हात पुढं करून कागद मागितला असता, तर द्यावा लागला असता. त्यांनी मागितला नाही. कशाला मागतील? ठसा खरा होता, अर्ज खरा होता, गावही खरं. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, की एकदा मला येऊन सांगायचं होतं त्यांनी. आणि हेल्मेट घालून गेल्या. काचेच्या आत त्या रडत होत्या की नाही, ते मला दिसलं नाही. मी पाहिलंही नाही, मी अर्ज फाईलला लावत होतो.

चौकशीत त्या सुटल्या, पुढं विदर्भात बदली झाली, असं कानावर आलं. दवाखान्यात दोन पावसाळे कुणी आलं नाही.

म्हाळाप्पा त्या हिवाळ्यात मेंढरं घेऊन पश्चिमेला होता. तिथं त्याच्या खांडात, म्हणजे कळपात, रोग शिरला. नाकं गळायला लागली, हगवण लागली. नेहमीप्रमाणं त्यानं बाईंना फोन लावला. एकदा नाही — दिवसभर, मग दुसऱ्या दिवशी. पंधरा दिवसांनी निम्मं खांड घालवून तो गावाकडं आला आणि थेट माझ्याकडं आला. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. पेपर वाचणारा माणूस नव्हे तो. गावात कुणीतरी सांगितलं होतं, की बाईंची बदली झाली. मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, ‘बाई फोन उचलंनात. आसं कवा झालं न्हाई. तुमच्या फोनावरनं लावून बघता का?’

नंबर माझ्याकडं होता. मी मोबाईल कानाला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणालो, लागत नाही आबा. मी नंबर दाबलाच नव्हता. लागला असता तर काय झालं असतं? त्यांनी माझा फोन उचलला असता, मी म्हाताऱ्याच्या हातात दिला असता, आणि दोघांना सगळं दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणूनच दाबला नाही. त्याची मेंढरं मरत होती आणि मी माझी लाज राखत होतो.

साहेब पुढच्या निवडणुकीत पडले. माझंही काम सुटलं. ऑफिस रिकामं करताना तो अर्ज मी घरी आणला. कपाटात कपड्यांच्या खाली आहे. बाईंचा नंबर अजून मोबाईलमध्ये आहे. तो त्यांच्याच नावावर चालतो, डीपीच्या फोटोत आता एक लहान मुलगी दिसते.

गेल्या महिन्यात आटपाडीच्या मेंढरांच्या बाजारात म्हाळाप्पा भेटला. वाकलाय. डोळ्यांना कमी दिसतं, पण मला आवाजावरून ओळखलं आणि हाताला धरून बाजूला सावलीत नेलं. माझ्या पोरांची चौकशी केली. मग म्हणाला, ‘येक सांगू? डाक्टरीणबाई गेल्या त्यात आमचीच चूक हाय. खोलीचा अर्ज आमी लय उशिरा दिला. आधी दिला आसता तर ऱ्हायल्या आसत्या.’

त्याचा अंगठा माझ्या मनगटावर होता. ती चीर मला लागत होती.

मी म्हणालो, ‘व्हय आबा. जरा उशीरच झाला.’

अर्ज वेळेवर आला होता. मी तो पूर्ण वाचला होता.