हम्मूची वायर

देवदारांचा उतार संपवून आम्ही उघड्या माळावर आलो, तेव्हा मागून आलेली एक टॅक्सी आमच्याजवळ हळू झाली.

"इत्तो मावशी, बसा की! अझरूच्या स्टँडपर्यंत सोडतो. पाय आहेत का लाकडं?"

इत्तोने चाल कमी केली नाही. "तुझा डावा दिवा मंद जळतोय. अर्थिंगचा बोल्ट गंजलाय. घासून घे, आणि चालता हो."

ड्रायव्हर हसला आणि निघून गेला. ती धुळीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी दोरी ओढणाऱ्यांत हासुद्धा होता."

तिच्या पाठीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. मी दोनदा मागितलं, तिने दिलं नाही. पहाटे आम्ही वरच्या गावातून निघालो होतो. वाटेत भाकरी आणि ऑलिव्ह खाल्ले तेवढंच. त्या स्टँडच्या टॅक्सीत पाय ठेवायचा नाही अशी तिने शपथच घेतली होती. मी तिची शेजारीण. ती चालली, म्हणून मीही चालले.

इत्तोचा नवरा हम्मू अझरूत गाड्यांची वायरिंग करायचा. जुन्या डिझेल टॅक्सीत तो डॅशबोर्डखाली उताणा शिरे आणि ही बाहेर वीज तपासायचा टेस्ट लॅम्प धरून उभी राही. "पेटला?" "नाही." "आता?" "मिणमिणतोय." "मग सांधा कच्चा आहे." असा त्यांचा संसार. पुढे हम्मूची नजर अधू झाली. मग ही आत शिरू लागली आणि तो लॅम्प धरू लागला. बूअज्जा नावाचा एक पोरगा त्यांच्याच हाताखाली शिकला, यांच्याच ताटात जेवला आणि मग समोरच दुकान थाटून बसला.

एका हिवाळ्यात स्टँडवर सकाळी गाडी सुरू करताना एका टॅक्सीने पेट घेतला. माणसं वाचली, गाडी कोळसा झाली. धंद्यातले तंटे सोडवणारा पंच, ज्याला तिथे अमीन म्हणतात, त्याच्यापुढे बूअज्जाने सांगितलं, "रेडिओची वायर हम्मूने टाकली होती, तिथूनच आग लागली." अमीनने मान डोलावली. अमीनने मान डोलावली की तिथे दुसरं कुणी बोलत नाही. ड्रायव्हरांनी ती जळकी गाडी दोरीने ओढत नेऊन हम्मूच्या दारात सोडली. "घे, तुझं काम." त्यानंतर त्याच्याकडे एकही गाडी आली नाही. त्याने त्या सांगाड्याला हातसुद्धा लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला.

त्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर इत्तोने त्या गाडीचं बॉनेट उघडलं.

"मावशी," मी चालता चालता म्हटलं, "देवावर सोडून दे ना."

"डोळे देवाने दिले, टेस्ट लॅम्प हम्मूने दिला. आणखी किती कामं सांगू देवाला? ज्या तोंडाने हम्मूचं नाव बुडवलं, त्याच तोंडाने ते वर काढायला लावणार. आणि त्या वेळी ते तोंड कसं दिसतं, ते मला डोळे भरून बघायचंय."

मी मनात नाम घेत राहिले.

जुना अमीन वारला होता आणि त्या दिवशी बूअज्जाला अमीन करायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा स्टँडमागच्या आवारात कारागीर आणि ड्रायव्हर जमले होते, चहा फिरत होता. तिथली रीत अशी, की सगळ्यांनी हात पसरून दुवा मागितली की नेमणूक पक्की. त्याआधी वडीलधारा विचारतो, कुणाची काही तक्रार? म्हातारे सी मोहा विचारून हात उचलणार, तोच इत्तोने गाठोडं मधोमध ठेवलं.

"अजून ते जळकंच चघळतेस का मावशी?" बूअज्जा हसून म्हणाला.

"अमीन होतोयस ना? मग दोष शोधून दाखव." तिने त्याच्या हातात चाकू दिला. "ही हम्मूची रेडिओची वायर. सोल."

त्याने सोलली. बाहेर काजळी, आत तांबं लालभडक.

"बोल."

"...बाहेरून भाजलीय."

"म्हणजे आग हिच्यावर आली, हिच्यातून निघाली नाही. आता ही हीटर प्लगची."

थंडीत डिझेल इंजिन सुरू करण्याआधी ते तापवणाऱ्या त्या प्लगच्या वायरचं कव्हर बोट लावताच भुग्यासारखं गळलं. आत तांबं टोकापासून टोकापर्यंत काळंठिक्कर.

"ही आतून भाजली. इतकी तापेपर्यंत फ्यूज का उडाला नाही?"

"उडाला असेल."

तिने गाठोड्यातून शेवटी फ्यूजची डबी काढली. हीटर प्लगच्या फ्यूजची पातळ पट्टी डोंगरातल्या हादऱ्यांनी सारखी तुटते. त्या पट्टीच्या जागी सायकलचा स्पोक घट्ट आवळलेला होता. आगीतही तो तसाच राहिला होता.

"अरे, हा तर माझ्याही गाडीत आहे!" कुणीतरी ओरडलं. "बूअज्जा म्हणाला होता, आता जन्मात तुटायचा नाही!"

"मलाही हेच म्हणाला!"

तिघे-चौघे चहा टाकून आपापली बॉनेटं उघडायला पळाले. बूअज्जा डबीकडे बघत पुटपुटला, "मी घातला होता. हम्मूच्या कामात खोट नव्हती."

"मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नाही."

त्याने मोठ्याने सांगितलं. इत्तो त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, चहा गार होऊन गेला तरी. सी मोहांचे हात मांडीवरच राहिले. दुवेसाठी कुणाचेच उठले नाहीत.

"झालं ना इत्तो," सी मोहा म्हणाले. "पोरगा तुझ्या घरी जेवलाय. आता संपव."

ते काय सुचवताहेत, ते सगळ्यांनाच कळलं. लहानाने चारचौघांत येऊन मोठ्या बाईच्या माथ्याचं चुंबन घेतलं, की तिने माफ केलं असंच धरतात. मग तिला नाही म्हणता येत नाही. बूअज्जा डोळे पुसत उठला आणि तिच्याकडे येऊ लागला. लोकांनी वाट करून दिली. इत्तोच्या मागे भिंत होती.

तिने माझं मनगट पकडलं.

"पोरी, तुझे दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेव. घट्ट. कुणीही काहीही म्हणो, मी सांगेपर्यंत काढू नकोस."