उलटटपाली भाऊ

कुणी सहज "काय भाऊ, बरं आहे ना?" असं विचारलं, की उलटटपाली भाऊ चष्मा कपाळावर चढवून आधी त्या माणसाकडे नीट बघत आणि म्हणत, "बरं नाई असं कोनं सांगतलं तुमाले?" विचारणारा बिचारा आपल्या कामाला लागे.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते हिवतापासाठी घेतलेल्या रक्ताच्या काचा तपासत. वरोऱ्याच्या एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या मुस्लिम घरातले. लहानपणापासून डोळा भिंगालाच लागलेला, म्हणून साध्या डोळ्यांना दिसतं त्यावर त्यांचा भरवसा बसत नाही, असं आम्ही म्हणत असू. आम्ही म्हणजे गडचिरोलीच्या जंगलात पाच उपकेंद्रांवर एकेकट्या राहणाऱ्या पाच नर्सा. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. फोन नव्हता. महिन्यातून एकदा बैठकीला एकमेकींची तोंडं दिसत, पावसाळ्यात तीही नाहीत. बाकी सगळा कारभार दुपारच्या एसटीतल्या एका लाकडी डब्यावर चाले. जाताना डब्यातून आमच्या काचा जात आणि येताना भाऊंच्या चिठ्ठ्या येत.

चिठ्ठीबद्दल त्यांचा कायदा कडक होता. एका चिठ्ठीत एकच गोष्ट, आणि खाली ठरलेलं वाक्य: "काय समजलं ते उलट टपाली कळवावे." मी नवी असताना नुसतं "समजलं" असं लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी परत, खाली लाल शाईत "काय?" मी चिडून त्यांचंच वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठवलं. तर बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, हे त माह्यंच हाये. तुमच्या डोक्यात काय गेलं ते लिवा." त्यांचं नाव त्याच बैठकीत पडलं आणि पुढे डॉक्टरसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारू लागले.

काचेवरून ते आम्हाला ओळखत. थेंब जाड पडला की चिठ्ठी येई, "आज घाई काऊन?" एकदा माझी काच पाहून लिहिलं, "हात थरथरला. जेवल्या होत्या का?" खरंच नव्हते जेवले. पण कौतुक वाटायच्या ऐवजी मला धडकीच भरली. हा माणूस पंचवीस मैलांवर बसून माझ्या चुलीत डोकावतो म्हणजे काय! तो आमच्याविरुद्ध डॉक्टरांचे कान भरतो, यावर आम्हा पाचजणींचं एकमत होतं. बैठकीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राही. संशय त्यांनाही आमचा होताच. ते तो तोंडावर सांगत आणि आम्ही पाठीमागे, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी भादव्यात नाला दोन आठवडे उतरला नाही. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे पंधरावीस झोपड्यांच्या वस्तीवर, मला दर पंधरवड्याला जायचं असे. पंधरवड्याचा हिशेब पाठवायचा दिवस आला आणि टोल्याच्या नावापुढे माझ्याकडे एकही काच नव्हती. मग मी जे केलं ते आज लिहितानाही मान खाली जाते. मी माझ्याच बोटाला सुई टोचली, आठ काचांवर आठ थेंब घेतले, यादीतून टोल्यावरची आठ नावं उचलली आणि डबा एसटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. "आठ नावांच्या काचांत एकच रक्त, एकच ताप दिसतो, तोही मेंदूत चढणारा. ज्याचं रक्त आहे त्यानं आजच गोळ्या घ्याव्या. नाव नको. घेतल्या, एवढंच उलट टपाली कळवावे."

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मला ताप नव्हता, नुसतं अंग मोडून येत होतं. हा सापळाच आहे, मला वाटलं. "घेतल्या" असं लिहिलं की झाला कबुलीजबाब, पुढे निलंबन. गोळ्या माझ्या कपाटातच होत्या. मी कपाटाकडे गेले नाही; चिठ्ठी चुलीत घातली आणि डबा रिकामा परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली ती थांबेना. दुपारी डोळे उघडले तर उलटटपाली भाऊ समोर उभे. माझं उत्तर आलं नाही म्हणून डॉक्टरांना सांगून पहिल्या बसनं निघाले होते. गोळ्या त्यांनी स्वतः दिल्या आणि वर म्हणाले, "तोंड उघडा. जीभ उचला." गिळल्याची खात्री पटल्यावरच खाली टेकले.

"हे आठ जन पाहिले का तुमी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी माझ्या टेबलावरची यादी ओढून घेतली. मग म्हणाले, "जाता नाई आलं, एवढं लिवलं असतं त मी डॉक्टरले सांगून डोंगा पाठवला असता. नाल्याले पूर येते हे काय मले समजत नाई?"

निरोप धाडून त्यांनी मासे धरणाऱ्या ढिवरांचा डोंगा, त्यांची लाकडी होडी, मागवला आणि दुसऱ्या दिवशी यादी घेऊन स्वतः टोल्यावर गेले. पोहता येत नव्हतं त्यांना. संध्याकाळी परतले तेव्हा डब्यात सात काचा होत्या. आठवी म्हातारी आदल्या दिवशी तापानं गेली होती.

मी बरी झाले. माझा कबुलीजबाब मीच लिहून दिला, ठपकाही बसला. पाणी उतरल्यावर टोल्यावर गेले तेव्हा म्हातारीच्या सुनेनं मला खाट टाकून बसवलं. तिला काचांचं काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "बुढी दाराकडंच पाहून राह्यली होती. म्हने, नर्सबाई पंधरा दिसाले येतेच. आज नाई त उद्या येन." हे मी भाऊंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची काच भिंगाखाली सरकवली.

पुढची चार वर्षं मी त्यांच्याकडे एकही खोटी काच पाठवली नाही, एकही उत्तर चुकवलं नाही. मग त्यांची बदली वरोऱ्याला झाली. पाचही जणी त्यांना सोडायला बसथांब्यावर गेलो. या माणसानं मला जिवंत ठेवलं होतं, आणि आता तो जाणार म्हणून मला पोरकं वाटत होतं. बस लागली तेव्हा मी हसत हसत विचारून टाकलं, "भाऊ, आता तरी भरोसा बसला का माझ्यावर?"

"नाई, बाई," ते माझ्याकडे नीट बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता. "भरोसा त्या बुढीनं ठेवला होता."