मशीनकाकांची पाटी

मशीनकाका तोंडाने 'टिर्रिंग' असा आवाज काढत. दिवाळीच्या पाडव्याला जुगार खेळायला शास्त्राचीच मुभा, म्हणून त्या दुपारी तेलुगू मुलखातल्या, चिक्कडपल्लीतल्या आमच्या इमारतीतली सगळी मराठी मंडळी तळमजल्यावर त्यांच्याकडे जमत. काका पाटावर ताठ बसत, चेहरा दगडाचा करत, आणि कुणी समोर चिंचोका टाकला की आधी 'टिर्रिंग' आणि मग पाच पत्ते. कुणी "काका, एक तरी चांगला द्या ना" अशी लाडीगोडी लावली, तर स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज येई, "मशीनला कान नसतात!" सरकारी सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ वर्षातून एक दुपार यंत्र होई, आणि आम्ही त्यांना वर्षभर त्याच नावाने ओळखत असू.

हे खूळ त्यांनी अमेरिकेहून आणलं होतं. मुलाने त्यांना तिथल्या एका जुगाराच्या गावी हिंडायला नेलं. लोक दिवे बघतात, कारंजी बघतात. काका एका व्हिडिओ पोकरच्या, म्हणजे पडद्यावर पाच पत्ते वाटणाऱ्या, मशीनपुढे बसले आणि काचेवरची पाटी वाचत राहिले: कुठल्या पत्त्यांना किती पट मिळणार त्याची. एक पैसा लावला नाही. "लोक देवळात जाऊन घंटा वाजवतात, हे जाऊन पाटी वाचतात," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे मुलाकडे जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा तेव्हा काका त्याच गावी, त्याच मशीनपुढे जाऊन बसले. भरल्या घराला, म्हणजे तीन एकसारखे आणि दोन एकसारखे पत्ते आले तर, पहिल्या खेपेला नऊ पट होते. दुसऱ्या खेपेला आठ. मग सात. खुर्ची तीच, दिवे तेच, पत्तेही तेच बावन्न.

पाट्या वाचायची त्यांना खोडच होती. आम्ही कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात चहाला गेलो की आधी ते भिंतीवरचा दरफलक वरपासून खालपर्यंत वाचून काढत, आणि मग पेला उजेडात धरून म्हणत, "बघ, दर तोच आहे. पेल्याचं बूड जाड झालंय." त्यांना राग म्हणून येत नसे. कुणीतरी छान कोडं घातल्यासारखे ते खूश होत आणि आणखी एक चहा मागवत.

"पण कॅसिनोवाले कमी का करतात? लोक यायचे थांबत नाहीत?" मी एकदा विचारलं.

"कायको थांबतील?" काका बिस्किट बुडवत म्हणाले. "आधी पाटी वाचणारे लोक होते. चांगली पाटी दिसली की तेच चार जणांना सांगायचे, गर्दी व्हायची. मग मालकाने एक आकडा कमी करून बघितला. खुर्च्या भरलेल्याच! एका संध्याकाळीत कुणाला काय कळतंय? नशीब वर-खाली होतच राहतं. वाचणारे उठून गेले, न वाचणारे बसलेत. बाजूवालाही तेच करायला लागला. आता परत नऊ लिहायला मालकाला काय वेड लागलंय?"

"ही लबाडीच झाली की!"

"नक्को नक्को. लबाडी कुठे? पत्ते सच्चे असतात. सगळं काचेवर लिहून ठेवलेलं असतं. वाचणारे संपले की पाटी बिघडते, बस."

आणि हा गृहस्थ आमच्यावर तोच प्रयोग करत होता! पाडव्याला त्यांच्या मागे खुंटीवर एक पाटी टांगलेली असे. त्यावर खडूने मराठीत, आकडेही अक्षरांतच: जोडीला एक, रंगाला सहा, भरल्या घराला अमुक. दर दिवाळीला ते गुपचूप काहीतरी कमी करत. नियम एकच: जो ते पकडेल, तो पुढच्या पाडव्याला मशीन. वर्षानुवर्षं कुणी पकडलं नाही. मोठी माणसं चिवड्यात आणि गप्पांत दंग. मी पुण्याची, शुद्धलेखनावरून लोकांशी भांडणारी, पण मीसुद्धा मान वर करून पाहिलं नाही. आणि पोरांना मराठी वाचताच येत नव्हतं.

माझ्या सईलाही येत नव्हतं. घरात मराठी, खाली तेलुगू, शाळेत इंग्रजी. बोलायला पोरगी फडाफडा बोले, पण मराठीचं पान पुढे केलं की अंग चोरे. मला ते फार लागे. आपली भाषा हिच्याशी फक्त जेवायला बोलावण्यापुरती उरणार, या विचाराने मी चिडचिड करी, ती आणखी दूर पळे.

एका पाडव्याला सई सगळे चिंचोके हरून रडकुंडीला आली. "काका, माझं नशीबच बेकार आहे."

"नशीब नक्को बोलू. पाटी बघ."

मी वाचून दाखवायला पुढे सरसावले, तर मशीनने चक्क हात आडवा केला. "तू गप बस, अम्मा. तिचं तिला वाचू दे."

पुढच्या शनिवारी त्यांच्या दारावर तीच पाटी लटकली: 'काकूंनी थालीपीठ केले आहे. वाचता आले तर आत ये.' सई दारात उभी राहून घामाघूम झाली, पण आत गेली. मग दर शनिवारी नवी ओळ. एकदा होतं, 'काकू बाहेर गेल्या आहेत. पोहे काका करणार. विचार करून ये.' ते वाचून ती जिन्यातच हसत बसली, आणि वर उभी राहून ऐकताना माझे डोळे भरून आले. मी वर्षभर ओरडून जे जमवलं नव्हतं, ते थालिपिठाने जमवलं.

पुढचा पाडवा आला. दोन डाव झाले असतील, सई उठून उभी राहिली. "काका, चीटिंग! लास्ट इयर मला भरल्या घराला आठ चिंचोके दिले होते. आता तिथे सात लिहिलंय!"

सगळ्यांच्या माना एकदम पाटीकडे वळल्या. काकांनी 'टिर्रिंग' करायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. पाटावरून उठून त्यांनी सईला तिथे बसवलं आणि घरभर ओरडत सुटले, "अगं ऐकलंस का, पकडलं! पोरीने पकडलं मला!" बँक लुटल्यावर इतका आनंद झालेला मालक मी दुसरा पाहिला नाही.

उन्हाळ्यात काका-काकू मुलाकडे अमेरिकेला गेले, कायमचे. काकूंचे गुडघे, काकांचं दुखणं, इथे बघणारं कुणी नाही; समजूत घालायला कारणं पुष्कळ होती. तळमजल्यावर दुसरं बिऱ्हाड आलं आणि शनिवारी सई उगीचच जिन्यात रेंगाळू लागली.

यंदाचा पाडवा आमच्या घरी झाला. सई पाटावर बसली. खेळ सुरू होण्याआधीच काकांचा व्हिडिओ कॉल आला. सईने पाटी फोनपुढे धरली.

"अरे बाप रे! भरल्या घराला बारा? रंगाला दहा?" काका किंचाळले. "तासाभरात चिंचोक्यांची बँक बुडेल, मियाँ!"

"बुडू दे ना काका," सई म्हणाली. "पण सगळे वाचतील तर!"

आणि खरंच, लोक पाटीपुढे दाटीवाटीने उभे राहून मोठमोठ्याने वाचत होते. बँक चहाच्या आधीच बुडाली. गलका ओसरल्यावर पाहिलं तर फोन चालूच होता. तिथे मध्यरात्र उलटून गेली असणार.

"जरा धरून ठेव पाटी," काका म्हणाले. "हलवू नक्को."

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. जोडीला दोन. रंगाला दहा. सई एके ठिकाणी काना विसरली होती, तो शब्दही त्यांनी दुरुस्त न करता तसाच वाचला. शेवटच्या ओळीपाशी पोचल्यावर ते थांबले, आणि हळूच म्हणाले, "इथे कुठेच मराठी पाटी नाही गं. परत एकदा वाचू का?"